वाफवलेले सासरे

मी माझ्या सासऱ्यांना एका रविवारी सकाळी कढीपत्त्याबरोबर वाफवलं. मुद्दाम नव्हे. आणि तेव्हा त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, हेही आधीच कबूल करतो.

माझं शिक्षण नववीपर्यंत (नववीला दोनदा बसलो, म्हणजे इतरांपेक्षा नववी मला जास्त येते!). पुण्यात मी मेसचे डबे पोचवायचो आणि अनघा त्यातल्या एका डब्याची मालकीण होती. तिला जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअरची नोकरी लागली, आणि मी डब्यासकट तिच्यामागे आलो. तिचे बाबा फिजिक्सचे निवृत्त सर. त्यांनी लग्नात अक्षता टाकल्या, पण पुढच्या नऊ वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला ते "बरं आहे" यापलीकडे काही म्हणाले नाहीत. आता एप्रिलमध्ये ते पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द काढायचाच, असं मी ठरवलं.

काय करावं? आमचे दोन कढीपत्ते इथल्या थंडीत लागोपाठ वारले होते. तिसरा आजारी होता. मी बागेत ग्रीनहाऊस बांधायला घेतलं!

शेजारचे लोरेन्स आजोबा देवमाणूस. त्यांनी घरातल्या जुन्या काढलेल्या खिडक्या फुकट दिल्या आणि दक्षिणेकडे तोंड कसं करायचं ते दाखवलं. पुढची बाजू या खिडक्यांची, मागची भिंत आणि छप्पर प्लास्टिकच्या दुहेरी पत्र्याचं. बाबांनी व्हिडिओ कॉलवर डिझाइन पाहिलं.

"वर झरोका कुठाय?"

"झरोका कशाला बाबा? थंडी आत येईल ना!"

"गरम हवा वर जाते, जावईबापू."

"जाऊ कुठे देतो मी तिला!"

आणि खरंच जाऊ दिली नाही. उघडणाऱ्या धडधाकट खिडक्या मी स्क्रू मारून कायमच्या बंद केल्या. फटीफटीत सिलिकॉन भरलं. दाराला रबराचे दोन थर लावले. मुंगी आत गेली असती तर तिला व्हिसा काढूनच बाहेर यावं लागलं असतं!

बाबा आले. रविवारी सकाळी बाहेर नऊ डिग्री, पण ऊन लखलखीत. थर्मल, दोन स्वेटर, मफलर, कानटोपी अशा तयारीने बाबा म्हणाले, "चला, बघू तुमचं हरितगृह." ते आत गेले. मी बाहेरून ओरडलो, "बाबा, दार लावा, थंडी येते!" त्यांनी आज्ञा पाळली. दार बसलं. कायमचं! दमटपणाने फुगलेलं लाकूड आणि माझं डबल रबर यांनी एकमेकांना अशी मिठी मारली की आतली मूठ बाबांच्या हातात आली.

पाच मिनिटांत कानटोपी उतरली. मग मफलर. मग एक स्वेटर.

मी हातोडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. आज रविवार! इथे रविवारी ठोकाठोक बंद. पहिल्या वर्षी मी रविवारी एक खिळा ठोकला होता, तर घरमालकाचं पत्र आलं. ते पत्र मी अजून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय, धाकासाठी. मी हातोड्याला टॉवेल गुंडाळला आणि दारावर हळूच मारला. पुफ्फ. दार हललं नाही.

दुसरा स्वेटर उतरला, मग थर्मलही. आवाज बाहेर येत नव्हता (सिलिकॉनचं काम चोख होतं!), म्हणून बाबांनी काचेवरच्या वाफेत बोटाने लिहायला सुरुवात केली. आधीच माझी नववी, त्यात अक्षरं उलटी! शेवटी त्यांनी एक बाण काढला, वर जाणारा.

आमची ईरा, वय सात, बातमी घेऊन घराकडे धावली. "मामा! ओपा इस्ट गान्झ रोट!" म्हणजे, आई, आजोबा लालेलाल झालेत!

अनघा अनवाणी पळत आली. "दिगू, काच फोड!"

"अगं, लोरेन्स आजोबांच्या खिडक्या आहेत! इतक्या प्रेमाने दिलेल्या!"

"आणि आत माझे बाबा आहेत!"

"पण रविवार..."

"दिगू!!"

तेवढ्यात कुंपणावर लोरेन्स आजोबांचं डोकं उगवलं. मी हातोडा पाठीमागे लपवला. त्यांनी बनियनवर आलेल्या बाबांकडे कौतुकाने पाहिलं. "आल्झो... सौना?" म्हणजे, वाफेचं स्नान चाललंय का?

"गेनाऊ!" मी म्हणालो. (म्हणजे "अगदी बरोबर!" घाबरलो की माझ्या तोंडून हाच शब्द निघतो.)

अनघाने त्यांना खरं सांगितलं. ऐंशीचा माणूस कुंपण ओलांडून आला, विजेची करवत घेऊन! खर्रर्रर्र! अख्ख्या गल्लीचा रविवार कापत त्यांनी मागच्या पत्र्याला माणसाएवढं भोक पाडलं. वाफेचा लोट आला आणि मागोमाग बाबा रांगत बाहेर आले, खांद्यावर कढीपत्त्याचं एक पान घेऊन.

मी हात जोडून उभा. नऊ वर्षांचं "बरं आहे"ही आता जाणार!

बाबा आधी पाणी प्यायले. मग त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "विमानापासून धरला होता. सुटला!" मग पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "बांधकाम मात्र उत्तम. कुठूनही हवा शिरत नाही."

उत्तम! मी रडलोच.

आता कढीपत्त्याला नवी पालवी आहे. बाबा रोज अकराला बनियनवर आत जाऊन बसतात, आणि लोरेन्स आजोबा शेजारी खुर्ची टाकतात. झरोकाही झालाय, थोडा मोठा आणि चुकीच्या जागी. सगळे त्यातूनच रांगत ये-जा करतात. कारण दार मी बांधलंय, ते अजून उघडलेलं नाही!