मे महिन्यातली यांची सही

मंडळी, आज दुपारचं घरात कुणाला सांगवेना, म्हणून तुम्हालाच सांगते.

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स सुरतेजवळ, कडोदऱ्यापाशी बिघडला. वाढीव वॉरंटी अजून वर्षभर आहे, म्हणून आज सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसाने क्लेम नाकारला.

"बेन, मे महिन्यात गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला सांगितलं होतं. साहेबने खुद मना किया था."

मेमध्ये तर माझे दीर एकटेच गाडी घेऊन तिथे सर्व्हिसिंगला गेले होते.

त्याने ऑइल बदलायला नकार दिल्याचा कागद पुढे केला. खाली माझ्या मिस्टरांची सही होती. पक्षाघातानंतर यांचा हात थरथरायचा, तशीच शेवटची रेघ खाली घसरलेली.

हे जानेवारीतच गेले.

गाडी अजून यांच्याच नावावर, म्हणून सोबत नेलेला मृत्यूचा दाखला मी दाखवला. त्या माणसाने त्यावरची तारीख दोनदा वाचली. हळूच म्हणाला, "पण मी बोललो त्यांच्याशी. डाव्या हातात काठी होती."

हे डाव्या हातातच काठी धरायचे, पण काठीबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते.

मॅनेजर धावत आला. म्हणाला, "ही सही त्यांची नाही, एवढं लिहून द्या. क्लेम पुन्हा बघतो."

पेन हातात घेतलं, पण सही तर यांचीच दिसत होती, लिहवेना. तशीच घरी आले.

तुम्ही लिहून दिलं असतं?