हेमंतच्या टाकीतली माती

आमच्या ग्रुपवर झाडं वाढोत न वाढोत, किस्से वाढतातच. त्यांना ना माती लागते ना खत. ग्रुप म्हणजे तरी कोण, तिघंच. मी बोईसरच्या एका कारखान्यात केमिस्ट, पालघरचे चुरी सर शाळेतून रिटायर झालेले, आणि समुद्रकाठच्या नवापूरचा हेमंत, घरची मासेमारीची बोट चालवणारा. तिघांना एकच खूळ: काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातली झाडं लावायची. मासे आपले शोभेला.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या आणि हेमंतने टाकी आणली. त्याच्या आईला ती बघताक्षणी आवडली, पण वेगळ्या कारणासाठी. तिचा सुकटीचा डबा गंजला होता.

"बरी हाय पेटी," ती म्हणाली. "सुकट सादळनार नाय."

हेमंतने हातापाया पडून मुदत मागून घेतली. नारळी पौर्णिमेपर्यंत झाडं हिरवीगार दिसली तर टाकी त्याची, नाहीतर सुकटीची.

मी त्याला विचारलं, एवढा हट्ट कशाला? तो म्हणाला, "दिवसभर मेलेलेच मासे बघतो रे. घरात एक तरी जित्ती गोष्ट असू दे."

*

पहिली चूक त्याने घरबसल्या केली. समुद्र दारात असताना रेती विकत कोण आणतो? त्याने किनाऱ्यावरची बादलीभर रेती सात पाण्यांनी धुऊन टाकीत पसरली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली.

चुरी सरांनी जाऊन मूठभर रेती बशीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. रेती फसफसली. शिंपल्यांचा चुरा, पाणी जड करतो, झाडांना सोसत नाही, असं सरांनी वर्गात शिकवावं तसं समजावलं.

आई दारातून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "मास्तर, रेतीचा लोनचा घालताव काय?"

*

सर दुखावले. खालचा थर मातीचाच हवा, असं त्यांनी जाहीर केलं आणि आधी स्वतःच्या टाकीत प्रयोग करून दाखवला. माती आणली चिकूच्या वाडीतली, सर्वांत कसदार. म्हणजे निम्मं शेणखत.

चौथ्या दिवशी तळातून बुडबुडे यायला लागले. सरांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, "माती श्वास घेत आहे." आठव्या दिवशी पाणी काळं झालं आणि हॉलमध्ये सडक्या अंड्यांचा वास सुटला. सरांच्या बायकोने त्यांना टाकीसकट मागच्या पडवीत हलवलं. सर तिथे दोन दिवस होते.

*

आता मी हसून घेतलं असेल तर माझंही सांगायला हवं. मी पडलो केमिस्ट. माती-बिती जुने प्रकार, खताचं द्रावण मोजून ओतलं की काम झालं, असं मी दोघांना ऐकवलं. कारखान्यात बॅचला काही कमी पडलं की आपण ओततोच ना! झाडांनी अजून मूळ धरलं नव्हतं, तरी मी पहिल्याच दिवशी पूर्ण डोस दिला आणि लाइट सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला.

झाडांनी खाल्लं नाही ते सगळं शेवाळाने खाल्लं. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं झालं. बायकोने मासे रजेवर गेलेत का, असं विचारलं.

*

हेमंतने आम्हा दोघांचे निकाल बघितले आणि परस्पर तिसरा उपाय केला. नवापुरात माडाला कुटा घालतात, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा. माड कसे डोलतात! त्याने रेती काढून खडी भरली आणि खडीखाली दोन मुठी कुटा दाबला.

पाणी दुधाळ झालं, ते सोडा. पण आळीतली सगळी मांजरं टाकीसमोर येऊन बसली. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी सुकट भरायच्या आदीच वास आला."

मासे तातडीने घागरीत काढले. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते आणि हेमंतचा चेहरा बघवत नव्हता.

*

शेवटी तिघांनी शहाणपण गुंडाळून ठेवलं. शेताच्या बांधावरची साधी माती, शेणाचा अंशही नसलेली, चाळून हेमंतच्या टाकीच्या तळाला घातली. वर दोन बोटं धुतलेली बारीक खडी. खताची एकेक गोळी चिमट्याने मुळांजवळ खोचली, लाइट कमी केला आणि हात मागे घेतले. हात मागे घेणं सर्वांत कठीण गेलं. मासे पाणी निवळल्यावर सोडले.

पौर्णिमेच्या सकाळी काच हिरव्या पानांनी भरली होती. आई नारळ घेऊन किनाऱ्याला निघाली होती. टाकीसमोर थांबली, बघितलं, आणि जाताना हेमंतला नवा डबा आणायला सांगून गेली. त्याचा मला फोन आला तेव्हा तो चक्क रडत होता.

*

दिवाळीनंतर मी बोईसरच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. हेमंतची आई बसली होती. समोर बोंबलांचा वाटा, कोलंबीचा वाटा, आणि त्यांच्या शेजारी ओल्या केळीच्या पानावर तिसरा वाटा: टाकीतली झाडं, छाटून, जुड्या बांधून!

एक गिऱ्हाईक उकिडवं बसून विचारत होतं, जगतील ना मावशी? मासा ताजा आहे हे दाखवायला कल्ला उचलतात, तशी तिने जुडी उलटी करून मुळं दाखवली.

"मुली बघ. पांडरी हाय. काली निगाली त परत आन."

खाली काय घालायचं, त्याने विचारलं.

"चालनीनं चाललेली माती, शेन नाय. वर दोन बोटं खडी." मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिने त्याला जरा जवळ बोलावलं. "आनि म्हयनाभर कोना शिकल्या मानसाला हात लावू देऊ नको."