दत्ताभाऊंचा दुसरा अर्ज

दत्ताभाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. सातवीच्या वह्या तपासत होते, तेवढ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. "मॅडम, हे सकाळी उठलेच नाहीत..." एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना झाला.

चिखलीत आमची दारं समोरासमोर. ते मूळचे परभणीकडचे, महाळुंग्याच्या एका कंपनीत फिटर. मी विज्ञान शिकवणारी, आणि त्यांना सरकारी म्हणून जे जे असेल त्याचा संशय. विमानामागची पांढरी रेघ म्हणजे काहीतरी फवारतात, विजेचे नवे मीटर घरातलं बोलणं ऐकतात... एकदा गच्चीवर मी त्यांना वाफ कशी गोठते ते समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण हे ज्या पुस्तकात आहे, ते छापलं कुणी, मॅडम?" पाठ्यपुस्तक सरकारीच! आम्ही दोघंही हसत सुटलो.

मग मोशीच्या रस्त्याला एका मोकळ्या जागेभोवती पत्रे लागले, दाराशी पहारेकरी बसला. "खाली भुयार खोदायलेत. लपवायलेत बघा." रोज तेच ऐकून मी वैतागले. म्हटलं, माहितीच्या अधिकारात विचारा की! अर्जही मीच लिहून दिला. महिन्याभरात उत्तर आलं : सांडपाणी उपसण्याचं केंद्र. मला वाटलं, हिरमुसतील. पण ते कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. "माझ्या नावानं उत्तर दिलंय, मॅडम. सही-शिक्क्यासकट."

त्याच संध्याकाळी त्यांनी वडिलांचं सांगितलं. दत्ताभाऊ लहान असताना वडील दूर कुठं कालव्याच्या कामावर गेले, ते परतलेच नाहीत. आईनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, कुणी काही सांगितलं नाही. गावात कुणी म्हणे, मुकादमानं मारून पुरलं. कुणी म्हणे, दुसरी बाई केली. आई तेच ऐकत गेली. "कुणी सांगतच नसलं की माणूस आपलं आपण जुळवत बसतो, मॅडम..."

अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी माणसं भोळी असतात, असं मी तोवर समजत होते.

"दुसरा अर्ज लिहू या?" मी विचारलं. आठवडाभर त्यांनी विषय काढला नाही. मग एका रविवारी स्वतःच कोरा कागद घेऊन आले. या वेळी उत्तराला बरेच महिने लागले. जुन्या नोंदवहीतल्या एका पानाची प्रत आली. दरड कोसळून मेलेल्या मजुरांत वडिलांचं नाव होतं, पुढे गाव मात्र भलतंच. निरोप त्या गावाला गेला असणार.

दत्ताभाऊंनी ते पान कितीतरी वेळ वाचलं. "कुणी लपवलं नव्हतं, मॅडम. नुसतं चुकीचं लिहिलं होतं." मग थोरल्या बहिणीला फोन लावला. "आक्का, बाबा पळून गेले नव्हते गं..." पलीकडे आक्का रडत होत्या. दत्ताभाऊंचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

विमानांवरचा संशय काही गेला नाही. पण निवृत्तीनंतर दर रविवारी ते पार्किंगमध्ये टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायला लागले. रेशनकार्ड, जन्मदाखला, कुणाची अडकलेली पेन्शन. ते टेबल वहिनींनी हलवू दिलेलं नाही. परवा रविवारी मी सहज तिथं बसले होते. हातात पिशवी घेतलेली एक बाई आली. "अर्ज लिहिणारे काका कुठायत?"

मी सांगितलं. ती क्षणभर उभी राहिली, मग खुर्ची ओढून समोर बसली आणि पिशवीतले कागद टेबलावर ठेवत म्हणाली, "मग तुम्ही लिहा."

मी पेनाचं टोपण काढलं.