गीझरच्या पेटीवरचं लाल कुलूप

आम्ही बौद्ध. नवस, अंगारे, भूतबाधा... आमच्या घरात या विषयावर फक्त हसतात. मीही हसायचे. तरी हे लिहितेय, कारण त्या दुपारी घरात मी आणि आई, म्हणजे सासूबाई, होतो आणि दोघींनी पाहिलं.

जेसल पार्कला आमचा वन बीएचके. नवरा, संदेश, आखातात रिफायनरीत फिटर. तिथला नियम असा की मशीनवर काम करण्याआधी तिचा स्विच बंद करून प्रत्येकानं आपलं कुलूप लावायचं आणि बाहेर आल्यावर ज्याचं त्यानंच काढायचं. मागच्या सुट्टीत आमचा गीझर शॉक द्यायला लागला, तर साहेबांनी बेसिनजवळच्या त्याच्या स्विचच्या पेटीला तसलंच लाल कुलूप ठोकलं — आणि किल्ली खिशात घालून विमानात बसले! आठ महिने आम्ही गॅसवर पाणी तापवत होतो आणि फोनवर त्याला टोमणे मारत होतो.

मग तिकडे युद्ध पेटलं. एका दुपारी टीव्हीवर त्याच्या शहरावर विमानं बॉम्ब टाकताना दिसली. वीजकेंद्र जळत होतं. संदेशचा फोन बंद. मी रडत रडत पुन्हा पुन्हा लावत होते.

पावणेचारला आई तोंड धुवायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. कुलूप उघडं लटकत होतं. तुटलेलं नाही, साधा ओरखडा नाही. आई त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आला गं तो भायेर. आता रडू नको."

मला त्यांचा रागच आला. तासाभरात टीव्हीवर त्याचीच रिफायनरी दिसली, टाक्या पेटलेल्या. आईंनी मात्र रोजच्यासारखा भात लावला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून आईंपुढे धरला. सायरन वाजला तेव्हा तो पंपाच्या खड्ड्यात होता. वर येऊन सवयीनं बोर्डावरचं आपलं कुलूप काढलं आणि पळाला. आपल्याकडे तेव्हा पावणेचार वाजले होते. घरच्या कुलपाची किल्ली त्याच्याच जुडग्यात होती, व्हिडिओवर दाखवली.

स्प्रिंग झिजली असेल, असं दीर म्हणतात. असेलही. पण नेमकी तेव्हाच?

खड्ड्यात संदेशच्या मागे त्याचा जोडीदार मॅथ्यू होता, केरळचा. तो वर आलाच नाही. प्लांट बंद पडलाय, पण मॅथ्यूचं कुलूप अजून बोर्डावर आहे. कापायला कुणी तयार नाही. हे कळल्यावर आईंनी त्याच्या आईचा नंबर मागून घेतला. दर रविवारी फोन लावतात. आईंना मल्याळम येत नाही, तिला मराठी. तरी दहा-दहा मिनिटं दोघी फोन ठेवत नाहीत.