काकीच्या पोथीवरचं कुंकू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. लोक अजून मला पोथ्या वाचवणारा म्हणतात, सभेत नारळ देतात. त्या नारळांचा मला वैताग आलाय.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आजोबा, वडील, दोघंही इथं बेटावर उसाच्या मळ्यात राबले. मला माझा अभिमान होता, आजही आहे. ऐंशीच्या सुमारास विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या धार्मिक पुस्तकांची फिल्म काढायचं काम निघालं — पान काचेखाली, वरून कॅमेरा — आणि ते माझ्याकडे आलं. बाकी भाषांची पुस्तकं जमली होती. मराठीचं एकही नाही. हे मी कसं सोसणार?

रिव्हिएर दू रांपार गावी माझ्या काकीकडे पोथी होती. काजळाच्या शाईनं हातानं लिहिलेली, पणजोबांनी मायदेशातून येताना जहाजातून आणलेली. दर श्रावणात काका ती वाचायचे, आणि त्याआधी काकी पानाला कुंकू लावायची. ती पोथी देईना. मी बसच्या खेपा घातल्या, शिकलेल्या माणसाच्या ऐटीत समजावलं. शेवटी दिली.

आता सांगतो — नाही, आधी फिल्मचं ऐका. आमच्या फिल्मवर लाल रंग काळा उतरायचा. जिथं काकीचं बोट लागलं, तिथं अक्षरं गडप, नुसता काळा डाग. आणि बोट लागलं नव्हतं कुठं? मला असा संताप आला. देवाला लाव, उंबऱ्याला लाव, अक्षरांवर कशाला? ग्रंथालयाच्या साहेबांनी बजावलं होतं, पान जसं असेल तसंच घ्यायचं. पण सगळ्यांच्या फिल्मा स्वच्छ आणि आमचीच डागाळलेली? मी कापूस ओला केला आणि कुंकू पुसलं.

कुंकू निघालं. त्याबरोबर शाईही. पहिल्याच पानाला कळलं होतं — मग दुसरं का पुसलं? तिसरं का? हलक्या हातानं जमेल, असं वाटत राहिलं.

तरी इथपर्यंतचं मी कधीतरी कुणाला सांगू शकलो असतो. चूक होते माणसाच्या हातून.

पोथी परत द्यायला गेलो. काकीनं फडकं सोडलं, फिकट पानं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काकी, तुझ्या कुंकवानंच शाई खाल्ली."

किती सफाईनं म्हणालो. पदवीधराचा शब्द — त्यावर कोण शंका घेणार? काका रागावले की मराठी सोडून बेटावरच्या क्रेओल बोलीत बोलायचे. तसे बराच वेळ बोलत राहिले, सगळं काकीलाच. तिनं मला एवढंच विचारलं, "माझ्याच हातानं झालं काय रे?"

मी हो म्हणालो.

पुढच्या श्रावणात काका गेलेल्या ओळी आठवून आठवून वाचत होते, अडखळत होते. काकी लांब, दारापाशी बसलेली, हात पदराखाली. त्यानंतर ती पोथीला कधी शिवली नाही. बायका बोलवायच्या, ये गं, कुंकू लाव. ती म्हणायची, नको, माझा हात चांगला नाही.

दरवर्षी म्हणायची, मरेपर्यंत. मी तिथंच बसलेला असायचो, प्रसाद खात.