एका ड्रमचे दोनशे छप्पन्न

हेड ऑफिसहून आलेल्या प्रिंटआउटवर सॉल्व्हंटचे दोनशे छप्पन्न ड्रम होते. मोहोपाड्याला आमच्या गोदामात एकच होता. प्लँट मॅनेजर सावंतसाहेब तो कागद भोईरच्या नाकासमोर नाचवत होते.

"साधा एक आकडा नीट टाकता येत नाही? आणि तुला पर्मनंट करायचं?"

"सायब, मी एकच टाकला व्हता."

भोईर आमचा डेटा एंट्री ऑपरेटर, जवळच्याच गावचा. कारखान्यासाठी त्याच्या घरची भातखाचरं गेली, तेव्हा कायम नोकरीचा शब्द दिला होता. आता तो पाळायची वेळ आली होती. माझं डोकं फिरलं. चूक कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि ती होणार हे साहेबांना मी आधीच सांगितलं होतं.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी टूल्स लिहायची, म्हणजे इतर प्रोग्रामरांना लागणारी हत्यारं. फाइलमध्ये आकडे ठेवायचे, परत वाचायचे, असले तुकडे मी एकदा तयार करायचे आणि सगळ्यांनी वापरायचे. हेड ऑफिसला एका कंपनीचं कॉम्प्युटर मशिन होतं. प्लँटसाठी परचेस खात्याने दुसऱ्याच कंपनीचं घेतलं, स्वस्त म्हणून. मी म्हटलं, "साहेब, दोन्ही मशिनं धरून टूल आखायला हवं. थोडा वेळ द्या."

"मॅडम, पंप कुठल्याही मेकचा आणला तरी फ्लँज बसतो. यात काय वेगळं?"

फ्लँज म्हणजे पाइप जोडायची भोकं पाडलेली चकती. तिचं माप सगळ्या मेकवाल्यांसाठी आधीच ठरलेलं असतं. आमच्या मशिनांचं कुणी ठरवलं होतं? आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो, इंग्रजीत वीस आधी. तसं एक मशिन आकड्याचा लहान भाग आधी ठेवायचं, दुसरं मोठा. मोठ्या भागातल्या एकाची किंमत दोनशे छप्पन्न, म्हणून एकाने लिहिलेला 'एक' दुसरं दोनशे छप्पन्न वाचायचं. आपापल्या घरी दोन्ही शहाणी. इथली फ्लॉपी मुंबईला गेली की गोंधळ.

प्रिंटआउट आल्यावर हे सगळं परत समजावलं, तर साहेब म्हणतात, "मशिनला दोष देऊन माणसाला वाचवू नका."

मग मी सरळ हेड ऑफिसला फोन लावला. म्हटलं, तुमच्या मशिनवर तुमच्याच हाताने 'एक' लिहा आणि फ्लॉपी इथे घेऊन या. त्यांचे सिस्टिम्स मॅनेजर स्वतः आले. फ्लॉपी घातली. पडद्यावर दोनशे छप्पन्न. भोईरला मी मुद्दाम खोलीबाहेर थांबवलं होतं.

"आता हे कुणी चुकीचं टाइप केलं, साहेब?" माझा आवाज चढला होता. चढू दिला.

सिस्टिम्स मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. सावंतसाहेब पडद्याकडे न बघता म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"आधी मागितला होता त्याच्या दुप्पट. आता सगळ्यांचे प्रोग्रामही तपासावे लागतील."

वेळ मिळाला. टूल दोन्हीकडे नीट चालायला लागलं. भोईर पर्मनंट झाला, पण लोडिंग खात्यात. कॉम्प्युटर विभागात एकदा नाव खराब झालंय, म्हणे! मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ऑर्डर बदलली नाही.

"आसू द्या, मॅडम," भोईर म्हणाला. "पर्मनंट झालो ना? घरी तेवढंच सांगितलंय. कुठल्या खात्यात, ते नाय सांगितलं."

मला तो राग अजून आहे. दुसऱ्या मशिनचं काय, असं काम सुरू होताना विचारणारा माणूस वेळखाऊ ठरतो. काम बिघडल्यावर मात्र मशिनकडे कुणी बघत नाही, आधी माणूस पकडतात.