चढाला घालून घेतलेला प्रोसेसर

आमच्या घरात कॉम्प्युटरवर गेम खेळायचे ते माझे आप्पा. वय अठ्ठावन्न. उभा जन्म ट्रकच्या गॅरेजमध्ये मेस्त्री म्हणून गेला, मग कंबर धरली आणि गडमुडशिंगीला घरी बसावं लागलं. त्यांचा वेळ जावा म्हणून मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दिला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर माझा राहिला नाही.

मलाही तो दिवसभर लागायचा. राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकले होते. शूटिंगच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायचं, रंग सुधारायचे, नावं टाकायची आणि शेवटी डीव्हीडी करायची. दोन वर्षं मी तिथं काम केलं. गिऱ्हाईक आलं की मालक मला आतल्या खोलीत पाठवायचे. "पोरीनं मिक्सिंग केलंय म्हटलं की लोक खोट काढत्यात," म्हणायचे. एका दुपारी मी खुर्ची मागं सारली आणि आता घरीच करीन म्हणून बाहेर पडले.

पहिलं काम घरचंच मिळालं. चुलत बहिणीचं लग्न आमच्या विहारात झालं होतं, त्याचं मिक्सिंग मी हौसेनं अंगावर घेतलं. कापाकापी झाली, पण डीव्हीडीसाठी व्हिडिओ तयार करायला लावला की आमचं मशीन त्यातच अडकून पडायचं. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. तेवढ्यात आप्पांनी गेम उघडला की सगळंच थिजायचं. दोनदा दिवसभराचं काम वाया गेलं. तिसऱ्यांदा मी रडले.

आई चुलीपुढनं म्हणाली, "एक तर बाप खेळंल, न्हाईतर लेक मिळवंल. दोन्ही एका मशिनीवर हुयाचं न्हाय."

आप्पा ओशाळले होते. चहा संपवून म्हणाले, "हुतंय का न्हाय ते बघूया की. नवी मशीन घेऊ. पण दोघांचं भागलं पायजे."

आईनं भिशीचे पैसे पुढं केले, आणि आम्ही बापलेक कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार तिशीतला, बोलायला फटकळ. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन, सगळा भार त्याच्यावर, एवढं आप्पांना मी एसटीत समजावलं होतं. दुकानदारानं काचेवर दोन खोकी ठेवली. पहिल्यावर वेगाचा, म्हणजे गिगाहर्ट्झचा आकडा मोठा. दुसऱ्यावरचा त्याच्या दोन-तृतीयांशसुद्धा नव्हता, पण ते नवीन आलेलं आणि त्याच्या आत एकाच्या जागी दोन कोर होते, म्हणजे एकातच जणू दोन इंजिनं.

"पावणं, डोळं झाकून पहिला घ्या," दुकानदार म्हणाला. "आकडा मोठा, पळणार जास्त. गेमला ह्योच लागतोय. दुसरा हापिसातल्या लोकांचा हाय."

मी म्हटलं, "पण मला मिक्सिंगला लागतोय. दोन कोर असले तर काम वाटून घेतंय म्हणे."

"ताई, कुठंतरी वाचलासा व्हय? मी रोज धा मशीन जोडतोय."

स्टुडिओतली दोन वर्षं अंगात मुरली होती, कुणी ठामपणे बोललं की मी मागं सरायचे. पण आप्पा दोन्ही खोकी हातात घेऊन फिरवत होते.

"पावणं," ते म्हणाले, "इंजान किती फिरतंय ते तुमी सांगितलासा. वढतंय किती ते सांगा."

"म्हंजे?"

"म्हंजे रिकामी गाडी सपाटीला समद्यांचीच पळती. माल भरून पन्हाळ्याच्या चढाला घाला, मग कळतंय. आमच्या लेकीचा माल हाय, त्यो घालून बघूया."

दुकानदार हसला. त्याला स्वतःच्या शब्दाची एवढी खात्री होती की तो तयार झाला. "उद्या या. दोन्ही मशीन जोडून ठेवतो. मेमरी सारखी, गेमचं कार्डबी सारखंच घालतो. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी मी घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढली, पंच्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातली आणि एसटीत मांडीवर धरून नेली. बहिणीच्या लग्नातला दहा मिनिटांचा तुकडा मी दोन्ही मशीनवर उतरवून घेतला. रंग तेच, नावं तीच, सगळं सारखं. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ओढलं.

पहिलं मशीन सुरू केलं. पट्टी आमच्या घरच्यापेक्षा कितीतरी झपाझप सरकत होती. दुकानदार माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. एकवीस मिनिटं लागली. मला वाटलं, झालं, दुकानदाराचंच बरोबर असणार.

मग दुसरं. सुरुवातीला फरक कळेना. पाच मिनिटं झाली तेव्हा पट्टी निम्म्याच्या जवळ आली होती. दुकानदार फोनवर बोलत होता, तो बोलायचा थांबला. बाराव्या मिनिटाला काम संपलं.

"परत लावा," तो मला म्हणाला. परत लावलं. परत बाराच.

"आता माझं," म्हणत आप्पा उठले.

नुसता गेम दोन्हीवर छान चालला, हे खरं सांगायला पाहिजे. दुकानदाराला जरा हुरूप आला. मग आप्पा म्हणाले, "आता लेकीचं काम मागं चालू ठेवा, आणि मी गाडी चालीवतो. आमच्या घरात असंच हाय."

पहिल्या मशीनवर त्यांची गाडी दुसऱ्याच वळणावर हिसके द्यायला लागली आणि कठड्यावर आदळली. आप्पांनी कॅबिनेटच्या मागं तळहात धरला. "तव्यागत तापलंय की हे."

दुसऱ्या मशीनवर मी काम लावलं आणि ते बसले. एव्हाना दुकानातली गिऱ्हाइकं आमच्या मागं उभी राहिली होती. गाडी पळाली. पहिलं वळण, दुसरं, पूल, बोगदा. खाली माझी पट्टी सरकतच होती. पांढऱ्या केसांचा माणूस जीभ दातांत धरून शर्यत खेळतोय, आणि मागं दहा-बारा जण "मामा, डावीकडनं घ्या!", "दाबा की!" म्हणून ओरडतायत. आप्पा पहिले आले. लोकांनी टाळ्या पिटल्या. थोड्याच वेळात माझंही काम संपल्याची टिंग वाजली, आणि कुणीतरी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

दुकानदारानं मोठ्या आकड्याचं खोकं उचलून मागच्या फळीवर ठेवलं. "ताई," तो म्हणाला, "तुमचं बरोबर हाय. उद्यापास्नं मी बी असंच दाखिवणार गिऱ्हाइकाला." त्यानं चहा मागवला आणि कप पहिल्यांदा माझ्या हातात दिला.

चहा पितानाच गर्दीतला एकजण पुढं आला. तो गडहिंग्लजचा शूटिंगवाला होता, केबल घ्यायला आला होता. "अक्का, नेसरीचं एक लगीन हाय माझ्याकडं. नवरा मिलिटरीत, चार दिवसांनी सुट्टी संपती. समदी स्टुडिओवाली पंधरा दिवस म्हणाल्यात. तुमच्यानं व्हईल?"

एरवी मी आप्पांकडं बघितलं असतं. त्या दिवशी नाही बघितलं. "होईल," म्हटलं.

तेच दोन कोरचं मशीन घेऊन आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कॅसेट आल्या. त्या उतरवायलाच दुपार झाली. मग अडीच दिवस मी कापत होते, जोडत होते. जो भाग तयार होईल तो मागं चालू ठेवायचा आणि पुढचा हातात घ्यायचा. मशीन कुठं अडलं नाही. एकदा तर मी जेवायला उठले आणि आप्पांनी तेवढ्यात दोन शर्यती मारल्या. आई ताट वाढून दोघांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हुतंय की खरंच."

चौथ्या दिवशी मी आणि आप्पा डीव्हीडी घेऊन नेसरीला गेलो. नवरदेवाची पत्र्याची पेटी सोप्यात बांधून तयार होती, गाडीला अजून दोन तास होते. शेजाऱ्यांकडनं प्लेअर आणला गेला. शेतातनं माणसं आली, हातपाय न धुताच बसली. पडद्यावर पहिल्यांदा नवरा-नवरीची नावं आली आणि मागून कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, मिक्सिंग म्हणून माझं नाव. ते टाकायचं धाडस मी आदल्या दिवशी केलं होतं.

नवरीनं ते मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हे तुमीच व्हय, अक्का?"

"व्हय," मी म्हटलं. "मीच."

तिनं मला हाताला धरून पुढच्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं.